देठ

नंदुरबारला जानेवारीत जमीन दिसत नाही.
धुळे रोडच्या दोन्ही अंगांना मिरचीच मिरची,
आणि तिच्यात बसलेल्या आम्ही,
तोंडाला पदर, ओढणी, जुन्या बनियनची चिंधी,
देठ खुडत.

शिंक इथं कोणी मोजत नाही.
एकीला आली की ओळीनं सगळ्यांना, जांभईसारखी.
मी मोजायचे.
अकरापर्यंत चार, म्हणजे परकर अजून वाचलाय.
सहावीला गोणपाट पुढं ओढून घ्यायचे
आणि मग सांजेपर्यंत उठायचेच नाही.
"सुपडाबाईले कामना भलता नाद," मुकादम म्हणायचा.

पाळी गेली तेव्हा वाटलं, सुटले.
चिंध्यांचं गाठोडं माळ्यावर टाकलं.
दोन वर्षांत तेच शिडी लावून खाली काढलं.

हूरबाई माझ्या डाव्या हाताला बसते.
राजपिपळ्याकडची सिद्दी.
लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली,
अहिराणी माझ्याहून चोख बोलते,
तरी दर हंगामात नवी बाई विचारतेच,
"ही कोणत्या मुलुखातली?"
"नळाच्या पलीकडली," ती म्हणते.
पोरं तिच्या केसांना हात लावून पळतात.
उरुसात लोक म्हणतात, हूरबाई, नाच ना,
तुमच्या तर रक्तातच आहे.
तीन वर्षं ती नाचली नाही.
गर्व चढला, म्हणाले. गुडघे गेले, म्हणाले.
मीही म्हणाले असेन.

मला कळलं ते बाटलीवरून.
तिची बाटली सांजेला भरलेलीच परत जायची.
माझीही.
मिरचीत आठ तास बसून घोटभरही पाणी न पिणाऱ्या
दोन बायका, शेजारीशेजारी.

त्या दिवशी वारा फिरला.
दोघींना एकदमच शिंक आली
आणि दोघींनी एकदमच मांड्या आवळल्या.
तिनं माझ्याकडं पाहिलं.
"तुलेबी?"
"मालेबी."
मग हसू फुटलं,
आणि हसणं तर शिंकेहून वाईट.

सिव्हिलला गेलो.
मी सुनेला डोळ्यांचं सांगितलं, तिनं लेकाला दातांचं.
नर्सबाईनं वय विचारलं, बाळंतपणं विचारली,
हूरबाईला वरून, "इथल्याच ना तुम्ही?"
मग म्हणाली, "कधीपासून होतंय?"
हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं.
पाच बाळंतपणं घरच्या घरी काढलेली हूरबाई
त्या स्टुलावर बसून रडली.
मी भिंतीवरचा लसीचा तक्ता वाचत राहिले.

पाळी गेल्यावर पुष्कळ जणींना होतं, नर्सबाई म्हणाली.
पाणी तोडू नका, त्यानं आग वाढते.
लघवी मध्येच अडवावी तसं आतून आवळायचं,
पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं.
दहा वेळा. दिवसातून तीनदा. महिने लागतील.
"पाच कशी मोजू," हूरबाई म्हणाली,
"हातात मिरची राहते."

तर आता मिरचीवरच मोजतो.
आवळ.
पाच देठ.
सोड.
मुकादमाला वाटतं दोघींची पैज लागलीय.

गोणपाट अजून लागतो.
मी आठवीपर्यंत टिकते, ती कधी दहावीपर्यंत,
ढगाळ दिवशी दोघी तिसरीलाच जातो.
पण पाणी पितो.
मग बाभळीआड एक बसते, एक लुगडं धरून उभी राहते.
संडास मागितला तर मालक म्हणाला, "बघू."
"बघू नको," हूरबाई म्हणाली, "बांध."
दोन दिवस तिला काम नव्हतं.
तिसऱ्या दिवशी बोलावलं, कारण माल पडून होता.

उरुस पुढच्या महिन्यात.
त्याबद्दल ती काही बोललेली नाही.
फक्त काल घरी जाताना, नळापाशी,
चपला काढून हातात घेतल्या,
टाचेनं मातीवर दोन ठोके दिले,
थांबली,
खाली निऱ्यांकडं पाहिलं,
आणि आणखी दोन.