कानस

पड, लुह सुकर्मी, निवांत पड.
डोकं आगुंग पर्वताकडे,
पिवळ्या चादरीखाली मुठी नकोत,
उसाचं हे कांडं दाढांमध्ये धर.
तुझी आई धुपापलीकडे उभी आहे,
कळ तिलाच आल्यासारखी
गाल धरून.

वरचे सहा दात. चार पुढचे, दोन सुळे.
फार नाही घासायचं, तांदळाच्या कणीएवढं.
पेदंड एकेका शत्रूचं नाव घेतील,
काम, क्रोध, लोभ...
तू मोजत बसू नकोस.
माझ्याकडे आला तो बिननावाचा आला होता.

थुंक. या शहाळ्यात.
हा पांढरा चुरा संध्याकाळी
पितरांच्या देवळामागे पुरतील.

माझेही घासले होते, याच ओसरीवर.
आरशात पाहिलं : सरळ रेघ, कुठे टोक नाही.
वाटलं, झालं. जनावर गेलं.

मग एका कोरड्या महिन्यात
भावाच्या शेताची पाण्याची पाळी होती.
मी मध्यरात्री गेलो, कंदील न घेता,
आणि पाटाच्या लाकडी खाचेत
चिखलाचा एक गोळा बसवला.
एवढंच. एका मुठीचा.
पाणी माझ्याकडे वळलं,
काही न विचारता.

भूक नव्हती मला. कणगी भरलेली होती.
त्याचं भात माझ्याहून वीतभर उंच होतं,
त्यावर वारा आधी लागायचा.
बांधावर उभं राहून मी जिभेनं चाचपलं.
सुळा नव्हता.
तरी काहीतरी टोचत होतं.

त्याला कळलं. ओरडला नाही,
दातही धरला नाही माझ्यावर.
स्वतः जाऊन गोळा काढला,
उन्हात वाळवला
आणि माझ्या पायरीवर आणून ठेवला.
त्यावर माझी पाचही बोटं उमटली होती.

अजून आहे तो, कानसांच्या पेटीत.
काम सुरू करण्याआधी
तो बाहेर काढावाच लागतो,
खालची कानस घ्यायची तर.

थांब. आता सुळा. हा जरा किंचाळेल.

खरं सांगतो, पोरी,
कानस हाडापर्यंत जाते,
हातापर्यंत जात नाही.
हात रात्री उठतो
तेव्हा पेदंड झोपलेले असतात, घंटा पेटीत असते.
जागी असते ती जीभ,
आणि तिच्यासमोर ही सपाट कड.
फिरव तिच्यावरून, एकदा, सावकाश.
तेवढा वेळ कधीकधी पुरतो.
कधी नाही पुरत.

ऊठ. आरसा घे.
छान दिसतात.
ओठ मिटून हसू नकोस, दाखव.

बाहेर तुझे आजोबा बसलेत.
गावात तीन कारागीर आहेत,
माझ्याहून दोघांची नजर चांगली.
सकाळी त्यांनी माझ्या दारात येऊन
फक्त एवढं म्हटलं :
दादा, नातीचे दात आहेत,
पेटी घेऊन ये.