ताबा

मी मालकीण नाही. हे आधीच सांगते,
नंतर कुणी तोंडावर फेकायला नको.

लिंकनशरची ही सखल जमीन, भरतीच्या पाण्याहून खाली.
एकशे बारा एकर काळी माती,
फुटपट्टीनं आखावेत तसे चर,
अलीकडे बीट, पलीकडे हिवाळी गहू.
कागदावर: हेस्टर डाउज, कूळ. करार अकरा वर्षांचा.
त्यातली नऊ सरली.

नोव्हेंबरात ते आले. दिवे विझवून, पहाटे.
दोन जीप, पाच माणसं, खपाटीच्या पोटाचे कुत्रे.
फाटकाची साखळी सुतळीसारखी कापली
आणि कोवळ्या गव्हावरून सशामागे गाड्या घातल्या.
ससा वळला की गाडी वळायची,
गव्हाला कुठे वळता येतं!
पैजा लागल्या होत्या म्हणे.
मी खिडकीतून नंबर टिपला. अर्धाच.
उरलेला माझ्याच चिखलानं झाकलेला.

पोलीस पोरसवदा, सर्दीनं बेजार.
'जमिनीच्या मालक तुम्हीच ना?'
'नाही.'
त्यानं वही मिटली, आदबीनं,
आजाऱ्याच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तशी.
'मग तक्रार मालकांना करू द्या.'

मालक मिस्टर ऑर्लेबार. माणूस वाईट नाही.
फोनवर कपबशी वाजली.
'पण हेस्टर, माझं काय गेलं?
जमीन आहे तिथेच आहे ना?'

होती. आहे तिथेच होती.

होलबीचच्या बाजारात केकच्या दुकानावर जिना चढून गेलं की
मिस पिंचबेक बसते. वकील.
तिनं करार बोट ठेवून वाचला,
मग खालून येणाऱ्या दालचिनीच्या वासात म्हणाली,
'मालकी त्यांची. ताबा तुमचा.
घुसखोरी होते ती ताब्यावर.
दावा लावायचा तर तुम्हीच लावायचा,
त्यांनी लावला तर कोर्ट आधी विचारेल, तुम्ही तिथे राहता का?
नुकसान नाही दाखवलंत तरी चालेल.
परवानगीवाचून एक बूट आत पडला, पुरे.'

'आणि बूट मालकाचा असला तर?'
मी आपलं सहज विचारलं.

तिनं चष्मा काढला.
'कलम सात. चोवीस तासांची लेखी सूचना.
तीही कामापुरती.
नाहीतर तेही कुणीतरीच.'

बिल दोनशे दहा पौंडांचं झालं.
'कुणीतरीच' हा शब्द त्यात फुकट आला,
तो मी दुधाच्या बाटलीसारखा सांभाळून घरी आणला.

फेब्रुवारीत फाटकाशी हिरवी गाडी.
ऑर्लेबार, आणि तिपाई घेतलेला एक माणूस,
सूर्याच्या काचा कुठे बसतील ते मोजायला.
करार संपल्यावरचं मोजमाप, माझ्या हयात गव्हात.
मी बीटच्या ढिगावरून उतरले, हात पुसले नाहीत.
म्हटलं, 'सूचना?'
ते हसले. मी हसले नाही.
'मिस्टर ऑर्लेबार, आलात त्याच वाटेनं जा.'
गुडघे थरथरत होते, रबरी बुटांत दिसत नाही ते.

तिपाईवाल्यानं तिपाई आधी मिटली.

ते गेले. वाटेत वाकून
टायरांच्या जुन्या चाकोऱ्या बघत उभे राहिले थोडे,
हे मला दिसलं. त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी फोन.
'मंगळवारी येऊ का, हेस्टर? लेखी पाठवतो.'
नऊ वर्षांत पहिल्यांदा 'येऊ का'.
'मंगळवार जमणार नाही,' मी म्हटलं. 'बुधवारी या.'

मंगळवारी मला काही काम नव्हतं.
चहाचा थर्मास घेऊन चराच्या कडेनं चालत गेले.
चाकोऱ्यांतला गहू उगवलाय,
बाकीच्यापेक्षा वीतभर मागे.
त्यात एक ससा बसला होता, कान पाडून,
त्याला कुणी सूचना मागितली नाही.