ह्रस्व इ, दीर्घ ई

देगलूरच्या ठाण्यामागची खोली,
जिथं पूर्वी जप्तीच्या सायकली गंजत असायच्या,
तिथं आता एक स्कॅनर, दोन संगणक आणि मी,
कंत्राटी, अकरा महिन्यांची.
काम सोपं करून सांगितलं होतं:
सगळ्या वह्या एका पेटीत घालायच्या,
कुणी नाव विचारलं की पेटीनं बोलायचं.

पहिला गठ्ठा फसली तेराशे पन्नासचा.
उर्दू, तीही घाईतली, नुक्ते गाळलेली.
ती वाचायला सय्यद मुनीरोद्दीन येतात,
तहसीलचे निवृत्त, भिंग आणि पानाचा डबा घेऊन.
ते मोठ्यानं वाचतात, मी मराठीत उतरवते:
फिर्याद, कैफियत, जप्ती, पंच, हजर, फरार.
अर्धं पान झाल्यावर कळतं
की भाषांतर असं मी अजून काही केलेलंच नाही.

एका पानाशी चाचा थांबले.
"ही गुन्ह्याची नव्हे, बेटा. हाजिरीची."
रोज रात्री ठाण्यात येऊन झोपायचं, अशी पारध्यांची नावं.
गुन्ह्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत: नदारद.
शेवटच्या नावापुढे वय, नऊ.
साहेबांना विचारलं, हेही टाकायचं?
साहेब म्हणाले, पान म्हणजे पान.
टाकलं.
पण पेटीला ते शोधता येईल असा एकही शब्द
मी त्याला लावला नाही.
नऊ वर्षांच्या त्या पोराचा नातू
उद्या पासपोर्टसाठी अर्ज करील.
चूक म्हणून राहू दे माझ्या नावावर.

पोसानीबाई बोईनवाड दर बाजारच्या दिवशी येते.
मेथीची पिशवी दारात टेकवते, विचारते,
"बोललालं का वो तुमचं मिशीन?"
भाऊ इरबा, सहा वर्षं बेपत्ता.
मिशीन म्हणायचं: नोंद आढळली नाही.
मीही तेच म्हणायची, जरा हळू.

मग एका दुपारी मला माझा बाप आठवला.
देगलूरला बाबू, बोधनच्या मावशीकडं बाबन्ना,
औरादच्या सोयऱ्यांत बाबुप्पा;
तीन गावांत तीन नावांनी जेवला,
एकदाही हरवला नाही.
ही अक्कल पेटीला कुणी शिकवलीच नव्हती.
मी एक ओळ लिहिली:
इरबा म्हणजे ईरन्ना म्हणजे ईरप्पा,
ह्रस्व असो की दीर्घ, आत घ्या.

उत्तर मांजरेच्या पलीकडून आलं.
सरकारी दवाखाना, तेलुगूतली नोंद.
ईरन्ना. गाव सांगितले, समजले नाही.
ताप. तिसऱ्या दिवशी मयत. बेवारस.
खाली निशाणीचा रकाना,
त्यावर पेटीचा शेरा: आकृती, अवाच्य.

मी मूळ पान मोठं करून पाहिलं.
तिथल्या शिपायाला देवनागरी येत नसावी.
हातावरचं गोंदण त्यानं चित्र काढावं तसं उतरवलं होतं,
अक्षरं आधी, सुटी सुटी,
आणि वरची रेघ शेवटी, कौल चढवावेत तशी.
इरबा.
इ ह्रस्वच.

पोसानीबाईला वाचता येत नाही.
तिनं पडद्याकडं पाहिलं
आणि शेवटच्या काण्यावर बोट ठेवलं.
"हे वाकडं माझ्यामुळं. जत्रंत गोंदताना
त्याचा हात मीच धरलेला. हासलाव दोघंबी."

बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाली, तिथी सांगा.
पेटीत तारीख होती, वेळ होती, मिनिटंसुद्धा.
तिथी नव्हती.
मुनीरोद्दीन चाचांनी भिंग खाली ठेवलं,
तारीख विचारली, पुन्हा एकदा विचारली,
आणि बोटांच्या पेरांवर
मागं मागं महिने मोजत गेले.
"सव्विसावा चाँद," ते म्हणाले,
"म्हणजे तुमची वद्य बारस. लिहून घे, बेटा.
एखादा दिवस इकडंतिकडं."