शेरा

अशोकस्तंभाजवळच्या या अभ्यासिकेत
रजिस्टर माझ्याकडं असतं.
नाव, टेबल, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात कोणी काही लिहीत नाही.

एकतीस वर्षं एसटीत होतो, कंट्रोलर,
सीबीएसच्या खिडकीत.
जांभया देणारा चालक परवडायचा, तो अजून जागा असतो.
भीती वाटायची
"ठीक आहे साहेब" म्हणत लॉगशीट उलटी धरणाऱ्याची.
कसाऱ्याचा घाट त्याच्या हाती द्यायचा नाही.

जागृती खैरनार. ताहाराबादची. टेबल सतरा.
जूनमध्ये सही अशी की खालच्या ओळीत उतरायची.
दिवाळीनंतर नुसतं आडनाव.
आता एक रेघ,
तीही पेन चालतंय का बघावं तशी.

सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते.
बाकीच्या पोरांना मी तिचंच उदाहरण द्यायचो.
ही माझी चूक.

मंगळवारपासून पान दोनशे चौदा.
मार्करनं आख्खं पान पिवळं,
एक शब्द सुटलेला नाही.
डबा काल न उघडता परत नेला,
परवाही.
किती वाजले म्हणून दोनदा विचारलं,
घड्याळ तिच्या समोरच्या भिंतीवर.
एकोणीस नंबरवरच्या मुली कशावर तरी फिदीफिदी हसल्या,
ही हसली नाही, चिडलीही नाही.
चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रात्री पावणेदहाला खाली टपरीवर चहा सांगितला.
"झोप येते का गं?"
"येते ना काका. उठल्यावर जास्त दमायला होतं."
"घरी बोललीस?"
"काय सांगू? ताप तर नाही."

ताप तर नाही.
आमच्याकडं टायर फुटला तर फॉर्म होता,
काच तडकली तर फॉर्म होता.
माणूस संपत आला, त्याला नव्हता.
मी गुपचूप ड्युटी बदलायचो आणि वरून शिव्या खायचो.

घारपुरे घाटाकडून गार वारा येत होता.
कप तिनं दोन्ही हातांनी धरलेला, साय धरेपर्यंत.
वडिलांचा नंबर प्रवेशाच्या कागदावर होता,
तिच्यासमोरच लावला.
नको म्हणाली नाही.
नुसती भिंतीला टेकली.

वर आलो. टेबल सतरा, गेल्याची वेळ दहा पाच.
शेऱ्यात पहिल्यांदाच लिहिलं, जुन्या सवयीनं:
गाडी डेपोत घेतली.
चालकाची चूक नाही.