बावीस अंशांवर

बाहेर शेहेचाळीस. धंतोलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत
थंड जागा एकच, बावीस अंशांचं कपाट,
आणि त्यात मी नाही,
झऱ्याच्या पाण्याच्या ताटल्या आहेत.

झरा पारशिवनीकडच्या डोंगरातला.
एका कंपनीला त्याच्या बाटल्या भरायच्यात.
नमुना घ्यायला गेले तेव्हा
सुकलू उइके खडकावर टेकून होता,
म्हणाला, "डब्बीत काऊन भरता मॅडम? प्या ना."
प्याले. जिभेवर चुना, लोखंड,
आणि थोडा काळोख.

पहिल्या दिवशी ताटलीत सात ठिपके.
आठव्या दिवशी त्याच बाटलीतलं पाणी घेतलं,
तर मोजताच येईना.
बूच घट्ट, उजेड नाही, कुणी काही वाढलेलं नाही,
तरी घर भरलेलं.
काचेला धरून, एकमेकांना धरून बसलेत,
एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण,
मेलेलाही पंगतीला पुरतो.

साहेब म्हणाले, लिहा: रोगजंतू आढळले नाहीत.
लिहिलं. खरंच आहे ते.
पण जे आहेत
त्यांच्यासाठी अर्जात रकाना नाही.

आणि ताटलीवर उगवतात ते तरी किती!
भिंगाखाली शंभर चमकले तर एखादा.
बाकीच्यांना आमचं खाणं सोसत नाही,
दगड चाटून जगणाऱ्याला
लग्नाचं जेवण बाधावं तसं.

बाबा मनसरच्या मँगनीज खाणीत होते.
आमच्या रांजणाला आतून काळा थर धरायचा.
आई राखेनं घासायची, आठवड्यात पुन्हा तो हजर.
"खाण घरात येते," म्हणायची.
परवा झऱ्याच्या ओठावर तोच थर दिसला.
विरघळलेल्या मँगनीजचं काळं अस्तर
कुणीतरी विणत बसलेलं,
पाळी नाही, भोंगा नाही, हजेरी नाही.
बोटानं खरवडायला गेले
आणि हात मागे घेतला.
आई, तू दर शनिवारी
एक अख्खी वस्ती उठवत होतीस गं.

दुपारी सुकलूचा फोन.
"काय निघालं मॅडम पाण्यात?"
"काही नाही," म्हटलं. सवयीनं.
मग राहवलं नाही. "गाव आहे, सुकलूभाऊ."
तो जरा थांबला.
"मंग कंपनीवाल्यानं गावाले इचारलं का?"

तेवढ्यात लाइन गेली.
पंखा मंदावत थांबला.
कपाटाच्या काट्यावर तेवीस, साडेतेवीस.
पदर ओला करून मी दारावर टाकला
आणि फोन कानाला तसाच धरून
उभी राहिले.