मागे सावली

बेलापूर, सेक्टर अकरा, तळमजल्यावरची खोली.
एसी इतका गार की मी बारा महिने स्वेटर घालून टाइप करते.
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
आणखी काय काय इथे सांगितलं जात नाही
त्याची पाटी नाही.

डॉक्टर गद्रे अंधारात बोलतात, मी अंधारात उमटवते.
सात वर्षं झाली.
स्पेलिंग आधी आलं, अर्थ मागाहून,
एकेक शब्द कुणाच्या ना कुणाच्या चेहऱ्यावर वाचून.
'स्मूद' म्हणाले की माझी बोटं सैल पडतात.
'इररेग्युलर' म्हणाले की मी खुर्ची पुढे ओढते.

आज साडेअकराला पद्मीण तांडेल, वय चौपन्न, दिवाळे गाव.
नको म्हटलं तरी बांगड्या काढल्या,
रुमालात बांधल्या, रुमाल माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला.
सुकटीचा वास.
'महिना झाला गो, हाताला लागतंय.
बंदी लागली का मंग जाईन म्हनला.'

जेल लावलं तशी दचकली. गार आहे, मी म्हटलं.
'बरफापरीस?' म्हणाली, आणि स्वतःच हसली.
मग मान वळवून स्क्रीनकडे बघत राहिली.
काळं, करडं, थर, थरांखाली थर.

'यो तं आमचे बोटीवर पन हाय. मासा दावनारा.
धाकल्यानं आनला, करज काढून.
खाली चिखल, वर पानी, मधी ठिपकं.'
गद्रेसर हसले, क्वचित हसतात.
तेच, म्हणाले. आवाज जातो, आवाज परत येतो.
'आनि मासा नसंल तं?'
तर नुसतं पाणी.

डावीकडे नुसतं पाणीच निघालं.
गोल, काळंभोर, काठ रेखीव, आणि मागे उजेड.
पाण्याच्या मागे उजेड पडतो
हे मला कुणी शिकवलं नाही, टाइप करून करून कळलं.
सिंपल सिस्ट. मी धाडकन एंटर मारला.

उजवीकडे प्रोब एका जागी थांबला.
एसीचा आवाज वाढल्यासारखा वाटला. वाढला नव्हता.
'टॉलर दॅन वाइड,' सर हळू म्हणाले.
रुंदीपेक्षा उंच.
शेजारच्या पोराबद्दल बोलावं असं वाक्य.
आणि मागे सावली.

ती गप्प. मग माझ्याकडे बघून, सरांकडे नाही,
'खडक हाय ना?'

मी बॅकस्पेसवर बोट ठेवून बसले, काही चुकलं नसताना.
सर म्हणाले, सुईने थोडं काढून तपासू,
त्याआधी मी काही म्हणणार नाही.
'हां. जालं टाकाच्या आधी
एक फेरी आमी बी मारतांव.'

एक पूर्णांक चार गुणिले एक पूर्णांक नऊ.
टिंब दोनदा बघते मी.
दुसऱ्या वर्षी एकाच्या मुतखड्यात टिंब राहून गेलं होतं,
तो परत आला हसत, मॅडम, हा तर नारळ झाला.
त्यानंतर माझी चूक झालेली नाही.

तिने जेल पुसलं, बांगड्या मोजून भरल्या,
एक कमी आली, टेबलाखाली वाकून मीच शोधली.
सुईचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबमधून परस्पर जाईल.
सात वर्षांत एकाही गोष्टीचा शेवट
मी टाइप केलेला नाही.

बाराला पुढचा. पोट, पुरुष.
नवी फाइल इथे कुणी उघडत नाही,
आधीचीच घ्यायची, वरून नाव बदलायचं.
कर्सर 'तांडेल'च्या मागे जाऊन उभा राहिला.
शेवटाकडून एकेक अक्षर पुसत आणलं.

प्रिंट हातात घेऊन तो माणूस दारातून वळला.
मॅडम, म्हणाला, वय चौपन्न लिहिलंय.
मी एकतीसचा आहे.