ऐकू न आलेली जागा

पत्र आलं मंगळवारी. दीड पान.
टॅलमॅज ट्रान्सक्रिप्शन,
माणसं अकरा, मालकीणबाईंसकट.
ओळीला आठ सेंट. ओळ म्हणजे पासष्ट अक्षरं.
मधल्या मोकळ्या जागा धरून की सोडून,
ते लिहिलेलं नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही.
मागच्या कंपनीनं सात आठवडे डॉक्टरांचे आवाज पाठवले
आणि आठव्या आठवड्यात त्यांचा फोन लागेना.
कुणाकुणाच्या पोटातलं सगळं मी नीट लिहून दिलं होतं,
हर्निया, पित्ताचे खडे, टाके किती ते,
आणि माझ्या फ्रीजमध्ये मोहरीच्या सॉसची एक बाटली.

बुधवारी चार्ल्सटनला, राज्याच्या कचेरीत फोन केला.
नाव आहे, म्हणाली तिथली बाई. नऊ वर्षं जुनं. फी भरलेली.
"पण कंपनी चांगली आहे का?"
"बाई, आमच्याकडे आहे की नाही एवढंच कळतं."

गुरुवारी दिराचा, व्हर्लिनचा, ट्रक मागून घेतला.
बेचाळीस मैल. वाटलं होतं काचेचं दार असेल,
कुंडीत प्लॅस्टिकचं झाड.
निघालं चारा-बियाण्याचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना,
वर दारावर टेपनं चिकटवलेलं नाव,
शेवटचं अक्षर गळालेलं. कुलूप.
खाली गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं.
"जिनी? भाडं वेळेवर देते."
मग जरा थांबून,
"मार्चमध्ये दिलं नव्हतं. एप्रिलमध्ये दोन्ही दिलं."
मी कोंबड्यांच्या खाद्याचं एक पोतं विकत घेतलं.
फुकट माहिती घेणं बरं दिसत नाही.
कोंबड्या माझ्याकडे नाहीत.

अल्मा रेडिक तिथं चार वर्षं होती.
तिचा नंबर चर्चमधल्या कुणाच्या तरी नणंदेकडून मिळाला.
"पंधराचा पगार अठराला होतो," ती म्हणाली, "पण होतो."
मग सोडलंस का?
"काय?"
सोडलंस का?
"डावा कान गेला गं माझा."

रात्री हेडफोन घातले, पायाखाली पेडल घेतलं,
आणि मालकीणबाईंचा फोनवर राहिलेला निरोप लावला.
बावीस वर्षं हेच केलंय,
माणूस काय म्हणतो ते त्याच्या श्वासासकट ऐकायचं.
आवाज पन्नाशीचा. सिगारेट सोडलेली, नुकतीच.
'तुमची चाचणी मला आवडली.
कामाची कमतरता' –
इथं कुत्रं भुंकतं –
'नाही.'
पेडल मागे. पुन्हा कुत्रं.
कमतरता कधीच नाही?
कमतरता सध्या नाही?
चौदा वेळा मागे गेले. शेजाऱ्यांचा दिवासुद्धा मालवला.
अंदाज करायचा नाही, हे मला शिकवणारी
मिसेस ओव्हरबे आता थडग्यात आहे,
पण एका 'हायपो'चा 'हायपर' झाला की माणूस कसा जातो
ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
ऐकू आलं नाही, तिथं रिकामी रेघ.
आणि शेजारी, कितव्या सेकंदाला.

सकाळी पत्र तसंच परत पाठवलं, सही न करता.
तीन रेघा मारल्या:
मोकळ्या जागा धरणार का.
मशीननं आधी लिहिलेलं नुसतं दुरुस्त करायचं असेल,
तर दर काय.
आणि तुमचा निरोप, एकोणिसावं सेकंद.

दुपारी तिचा फोन आला. मागे तेच कुत्रं.
"जागा धरून," ती म्हणाली.
"मशीनचं अजून ठरवलं नाही. ठरवायला भीती वाटते मला."
मग बराच वेळ काही नाही.
मी मनात लिहिलं: विराम, चार सेकंद.
"आणि तो शब्द 'सध्या' होता."

'कधीच' म्हणाली असती तरी
मला खरं-खोटं कसं कळणार होतं?
पेन ड्रॉवरमध्ये सापडलं नाही,
ट्रकमध्ये सापडलं, त्या पोत्याखाली.
बॉनेटवर कागद ठेवून सही केली.
सहीच्या वर, जिथं 'मान्य' असं छापलंय,
त्याच्या आधी बारीक अक्षरात लिहिलं: सध्या.

पोतं तिथंच आहे.
व्हर्लिन विचारतोय, कोंबड्या कधी आणतेस.